आई को चिट्ठी

देवास, मंगळवार, ४ सप्टेंबर २००१

नीतू नोकरीसाठी पुण्याला गेली त्याला आठ दिवस झाले. आज शाळेचा पेपर टाइप करायला तिचा कॉम्प्युटर पहिल्यांदाच एकटीने सुरू केला. नुकत्याच उघडलेल्या फायलींची यादी तो आपोआप ठेवतो, हे तिनेच शिकवलेलं. यादीत इंग्रजी अक्षरांत एक नाव दिसलं, ‘आई को चिट्ठी’. हिंदी शाळेत शिकलेली पोर, मराठी लिहायला बिचकते. क्लिक केलं, तर फाईल सापडत नाही म्हणतो. म्हणजे पत्र तिने पुसलं, यादीत नाव तेवढं राहिलं.

राहवेना. फोन लावला.

“नीतू, त्या चिट्ठीत काय होतं गं?”

ती म्हणाली, “कुछ नहीं, आई... मला जायचं नाहीये, तू एकटी पडशील, असं लिहिलं होतं. पण तू इतकी खूश होतीस ना, मग डिलीट केलं.”

खूश? तिचा पाय घरात अडकू नये म्हणून हसत होते मी. तिची बॅग भरतानासुद्धा. हे तिला सांगायचं होतं. का नाही सांगितलं?

“जेवलीस का?” एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.