सदऱ्याच्या खिशातला फ्यूज

नगर,
१२ मार्च १९७२

तीर्थस्वरूप पुंजारामदाजी यांस कानिफनाथचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. कापडबाजारातली आपली दिव्यांच्या अक्षरांची पाटी रोज दिवेलागणीला लागते. 'वस्त्रभांडार'मधलं एकही अक्षर अजून विझलेलं नाही. शेवगावच्या टॉकीजचंही काम आलं आहे, पत्र्याची अक्षरं तयार आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

अक्काचं पत्र मिळालं. तुम्ही पक्कड, टेस्टर सगळं वाटून टाकलंत म्हणे. पाय बरा झाला तरी शिडीवर चढणार नाही म्हणता. "माजं डोकंच फिरलं आसंल, न्हाईतर फ्यूज खिशात आसताना करंट कसा लागंल?" अक्काने तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय. ते वाचलं आणि लिहायला बसलो.

दाजी, हे पत्रही तुम्हाला अक्काच वाचून दाखवणार. अक्का, इथून पुढे थांबू नकोस. सगळं वाच.

ज्याचा हात अक्षरात, फ्यूज त्याच्या खिशात, म्हणजे खाली कुणी करंट सोडू शकत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या दुपारी उकाड्याने तुम्ही सदरा काढून मीटरशेजारी टांगलात आणि फ्यूज त्यातच राहिला. शेवटच्या 'र'ची जोडणी मी एकट्याने केली होती. तुम्ही तपासायच्या आधी तो पेटलेला मला बघायचा होता. भारी हौस! शिडी रिकामी दिसली. वाटलं, तुम्ही गच्चीवर गेलात. तुम्ही छज्ज्यावर, अक्षरामागे बसून माझीच जोडणी तपासत होता.

मी फ्यूज बसवला.

तुमची किंकाळी ऐकली, फ्यूज उपसला, आणि बाहेर धावण्याआधी तो परत तुमच्या सदऱ्यात ठेवला. तेवढं मात्र बरोबर सुचलं मला! भर उन्हात दिवे लागलेले कुणाला दिसलेही नाहीत.

रस्त्यावर पडल्या पडल्या तुम्ही म्हणालात, "कान्या, करंट हुता रं." आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "न्हाई दाजी, तुमाला चक्कर आली. फ्यूज तुमच्याच खिशात हाय." पहिल्यांदा मीच म्हणालो. मग सगळेच म्हणू लागले.

मंगळवारी कोल्हारला येतो. घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही आणि अक्का ठरवा. माझी पक्कड आणि टेस्टर तुमच्यासाठी आणतो आहे. मला मारलंत तरी चालेल, पण डोकं फिरलं असं पुन्हा म्हणू नका.

करंट होता, दाजी.

तुमचा गुन्हेगार,
कान्या