चिमटा सुटल्यावर

४ मार्च
ताईच्या मूत्रपिंडात गाठ आहे. एकुलत्या एका मूत्रपिंडात! दुसरं तिने मला दिलं, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. ते माझ्या पोटात मजेत काम करतंय.
रिपोर्ट बघून म्हणाली, "बघ, चांगलं ते तुला दिलं, नासकं मला ठेवलं!" हसली. मला हसू येईना.

५ मार्च
सर्जनबाई गाठ तेवढी काढणार. त्यासाठी रक्तवाहिनी चिमट्याने बंद करायची, कापायचं, शिवायचं, चिमटा सोडायचा. "तेवढा वेळ रक्त नाही. वय कमी असतं तर काळजी नव्हती," म्हणाल्या.
मला सांगतायत! प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य या चिमट्यात गेलं माझं. रक्त थांबलं की मूत्रपिंड उपाशी पडतं, पण मोठा घात होतो ते रक्त परत आल्यावर. उपाशी पेशी जणू पेटतात. आमचं औषध आधी दिलं तर शांत राहतात — तरुण उंदरांत तरी राहिल्या. आता म्हाताऱ्या उंदरांवर चाललंय. 'क' आणि 'ख' अशा बाटल्या. एकीत औषध, दुसरीत नुसतं मीठ-पाणी. कशात काय, ते आमच्या प्रमुख सरांच्या कपाटातल्या बंद पाकिटात. आमच्या मनाने निकालात लुडबुड करू नये म्हणून.

९ मार्च
ताईसाठी औषध मागताना सरांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "माणसाला? परवानगीशिवाय? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"
सर्जनबाईंनी वाक्यही पुरं करू दिलं नाही. "बर्फात ठेवू, हात भराभर चालवू. याउपर माझ्याकडे काही नाही."
माझ्याकडे आहे ना!

१२ मार्च
'ख'चे उंदीर टुणटुणीत. 'क'चे अंग फुगून कोपऱ्यात पडलेत, एकेक मरतोय. औषध कुठलं ते आंधळाही सांगेल.

१३ मार्च
'ख'ची बाटली पर्समध्ये आहे. चोरली. सरळ चोरली.

१४ मार्च
ताईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.
"उंदीर वाचले?"
"वाचले."
"मग मी काय उंदराहून वाईट?" मग रिपोर्टची घडी घातली. "आणि उलटलं तर?"
तिने हात धरला माझा. "नाही दिलंस तर जन्मभर कुढत बसशील. टोच बाई. तुझ्या भावोजींना मात्र कळू देऊ नकोस, ते हाय खातील."

१६ मार्च
ऑपरेशनला नेण्याआधी भावोजी चहाला गेले, नर्स पलीकडच्या खाटेशी होती. सलाईनच्या नळीत टोचलं. हात थरथरला नाही — त्याचीच भीती वाटली.
गाठ पूर्ण निघाली. पण लघवीची पिशवी रिकामी.

१७ मार्च
थेंब नाही.

१८ मार्च
अजून नाही. चेहरा सुजलाय, अंगठी बोटात रुतली होती, कापून काढली. डायलिसिसवर घेतलंय. सर्जनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतकं बंद पडायला नको होतं." मी मान खाली घातली. मी मारलं का तिला? मीच?
विचारलं त्यांना — माझ्यातलं काढून तिला परत देता येईल का? "काहीतरीच काय बोलता!"
बाथरूममध्ये बसले आणि रडू कोसळलं. तिच्याच मूत्रपिंडाने मी लघवी करते आणि ती तिकडे फुगत चाललीय. पाणी प्यायचीसुद्धा लाज वाटते.
भावोजी भिंतीकडे तोंड करून उभे असतात. मला म्हणाले, "तू आहेस म्हणून धीर आहे." धरणी पोटात घेईल तर बरं!

१९ मार्च
पिवळं! नळीत पिवळं! आधी ओघळ, मग धार, दुपारपर्यंत पिशवी भरत आली! नर्सच्या गळ्यात पडले.
ताई डोळे न उघडताच पुटपुटली, "तुझे उंदीर जिंकले गं."
जिंकले! औषध माणसाला लागू पडलं! सरांना सांगायलाच हवं. नोकरी गेली तर गेली — अशा किती ताया वाचतील!

२१ मार्च
सरांपुढे सगळं ओकले. ओरडले नाहीत. कपाटातलं पाकीट काढून फाडलं, माझ्यासमोर धरलं.
'ख' म्हणजे मीठ-पाणी. औषध 'क'मध्ये होतं.