वाकड्या दस्त्याची दुनळी

शनिवार, १० फेब्रुवारी २००७

नाही बसत! एकही बंदूक नाही बसत!

सकाळपासून नेमबाजीच्या क्लबात सहा लावून पाहिल्या. बाराबोर, वीसबोर, शेजारी-शेजारी नळ्यांची, वरखाली नळ्यांची. संजीव मागे उभा राहून खिदळत होता — 'प्रब्या, बंदूक बघायला आलायस की मुलगी?' त्याचं काय जातंय! त्याच्याकडे पाच वर्षं बंदूक आहे. मे महिन्यात न्यूझीलंडला बदकांच्या शिकारीला जायचं हे खूळही त्याचंच.

क्लबातल्या बंदुका मिस्टर कोह सांभाळतात. सत्तरीचे असतील. त्यांचा नियम एकच — पहिली बंदूक आवडली म्हणून घ्यायची नाही, बसली म्हणून घ्यायची. डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा, मग डोळे उघडायचे. नळीवरून सरळ समोर दिसलं तर ती तुझी. मला सहाही वेळा नळी तिरकी दिसली.

'तुझा मुख्य डोळा कुठला? टेस्ट करू या,' कोह म्हणाले.

म्हटलं, कसली टेस्ट? अठरा वर्षं बोटीवर सूर्याची उंची मोजतोय, सेक्स्टंटची दुर्बीण याच उजव्या डोळ्याला. जूनमध्ये कॅप्टन होऊन बोटीवर जाणार आहे मी. आणि हे मला डोळा कुठला विचारतात!

'सेलर से राइट, मीन्स राइट लाह,' म्हणाले आणि सहावी बंदूक परत फडताळात ठेवली.

११ फेब्रुवारी

रुपालीचा पट्टा सुरू. 'सकाळी वंदनेला पंचशीलातलं पहिलंच शील तोंडाने म्हणायचं, आणि दुपारी बदकं मारायला बंदूक शोधायची! लाज कशी वाटत नाही?' मी म्हटलं, बदकं मे महिन्यात, तोवर मातीच्या तबकड्याच फोडायच्यात. मग ती उठून आत गेली. हे जास्त वाईट.

उत्कर्षा मधेच — 'पापा, व्हाय यू ऑल्वेज रीड विथ वन आय?' नऊ वर्षांची पोर, तिला उगाच काहीतरी दिसतं. पेपर वाचताना उजवा डोळा मिटतो म्हणे माझा. असेल. सवय.

मेडिकल एप्रिलमध्ये. कंपनीचा ईमेल आला. ते एकदा झालं की कॅप्टन. आईला अजून सांगितलेलं नाही, कागद हातात आल्यावर सांगेन.

शनिवार, २४ फेब्रुवारी

मिळाली!

पण कशी मिळाली ते लिहायला हवं. चायनीज न्यू इयरनंतर क्लब आजच भरला होता. बंदुकांच्या खोलीत कोह रजिस्टर भरत होते. मी मागच्या फडताळाकडे गेलो. तिथे कोपऱ्यात एक जुनी दुनळी, खालपासून वरपर्यंत स्वच्छ पुसलेली. हात आपोआप गेला. डोळे मिटले, लावली, उघडले.

सरळ! नळी, तिच्या टोकावरची माशी, खिडकी, पलीकडच्या दफनभूमीतलं झाड — सगळं एका रेषेत. गाल असा टेकला की जणू माझं माप घेऊनच दस्ता कोरला होता.

संजीव म्हणाला, आण इकडे. त्याने लावली आणि वैतागला — 'ह्यॅ! मला नुसतं लोखंड दिसतंय. दस्ता बघ ना, केवढा वाकडा आहे!'

आता नीट पाहिलं. खरंच वाकडा. दस्ता मधेच डावीकडे वळवलेला.

कोह उठून आले. बंदूक माझ्या हातातून काढून घेतली. जोरात नाही, पण घेतलीच. 'दिस वन नॉट फॉर यू.'

'पण बसतेय!'

'कॅनॉट फिट यू. यू हॅव टू आइज.'

म्हणाले, हा दस्ता उजव्या खांद्याला लावून डाव्या डोळ्याने नेम धरणाऱ्यासाठी केलाय. मलायात रबराच्या मळ्यावर एक गोरा साहेब होता, त्याचा उजवा डोळा गेला, त्याने मुद्दाम करवून घेतली. धड डोळ्यांच्या माणसाला ती बसूच शकत नाही.

मला राग आला. बसते तर बसते! लायसन्सचा फॉर्म मागितला आणि तिथल्या तिथे भरला. कोहांनी घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

२५ फेब्रुवारी

दिवसभर उजव्या गालाला काहीतरी गार लागतंय. दस्ता टेकला होता तिथेच. तीनदा तोंड धुतलं.

२६ फेब्रुवारी

अजून गार. रुपालीला हात लावायला सांगितला. 'तापलायस की काय?' म्हणाली. तिला गाल गरम लागला.

शनिवार, ३ मार्च

घरी येऊन थेट वहीशी बसलो. लिहितोच.

क्लबात कोह वाट बघत होते. एकटे. मला खोलीच्या मधोमध उभं केलं, समोर चार पावलांवर स्वतः उभे राहिले. 'डावा डोळा झाक. माझ्याकडे बघ. काय दिसतं ते सांग.'

झाकला.

टोपी होती. कान होते. शर्टाची कॉलर होती. मधे चेहरा नव्हता! धुरकट, करडा डाग, आणि त्या डागातून आवाज — 'वेल?'

मी हात काढला. चेहरा परत आला. परत झाकला. परत गेला. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी त्यांनीच माझा हात धरून खाली केला. भला माणूस. पाणी आणून दिलं.

मंगळवार, ६ मार्च

नोव्हेनाला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. रुपाली सोबत होती. डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढला. बरोबर मधोमध भाजल्याचा डाग, चार-पाच महिने जुना. 'सूर्याकडे थेट पाहिलं होतं का कधी?'

पाहिलं होतं. ऑक्टोबरमध्ये, भर दुपारी, सेक्स्टंटची काळी काच लावायची राहिली. डोळ्यांपुढे थोडा वेळ हिरवं हिरवं झालं. कुणाला बोललो नाही — नवशिक्यासारखी चूक कोण सांगणार! त्यानंतर बोटीवर असेपर्यंत दुर्बीण डाव्या डोळ्याला लावत होतो. पाच महिने! आणि माझं मलाच कळलं नाही!

सुधारेल कदाचित, म्हणाले. नाहीतर नाही. कॅप्टनचं काय, हे मी विचारलंच नाही. रुपालीने टॅक्सीत माझा हात धरून ठेवला. बदकांचं नावही काढलं नाही तिने. मला रडू आलं.

शनिवार, १० मार्च

फॉर्म परत घ्यायला गेलो. कोहांनी रजिस्टर पुढे केलं. साहेबानंतर त्या दुनळीचे तीन मालक. तिघांनीही पहिली बंदूक म्हणून घेतलेली. तिघांनीही वर्षाच्या आत परत दिलेली.

'तिघांना एक-एकच डोळा होता?' मी विचारलं.

'टू आइज. ऑल टू आइज.' तिघेही म्हणाले होते, काय बसते! एकाचा काचबिंदू निघाला, एकाच्या डोळ्यामागे गाठ. तिसरा परत आला तेव्हा आंधळ्यांची पांढरी काठी घेऊन आला.

म्हटलं, जाळून टाका ती. 'क्लबची आहे, जाळू कशी?' म्हणाले. मग हळूच विचारलं, 'ती रोग सांगते, की ती करते? व्हिच वन?' मला काय ठाऊक! माझा डोळा तरी ऑक्टोबरमध्येच गेला होता, तिला हात लावण्याच्या कितीतरी आधी. हे मी दोनदा सांगितलं त्यांना. घरी येऊन इथेही लिहून ठेवतोय.

१७ मार्च

आत्ता संजीवचा फोन. क्लबातून. उद्या सकाळी सहाला त्याची बंदरातली पायलटची ड्युटी, तेलाची मोठी बोट बंदरात आणायचीय.

'प्रब्या, तू सोडलीस ना ती वाकडी? सहज लावली रे आज. काय बसते! त्या दिवशी मला कशी नाही बसली कुणास ठाऊक.'

मी म्हटलं, 'संजीव, डावा डोळा झाक. समोर कोह असतील, त्यांच्याकडे बघ. काय दिसतं ते सांग.'

तो हसला. मग त्याचा आवाज बदलला, 'प्रब्या, टोपी दिसतेय. चेहरा कुठाय?'