रुमालाखालचा भाव

॥ श्री ॥

तळेगाव ढमढेरे
१२ मार्च १९९६

ती. हनुमंतदादास, धाकट्या राजश्रीचा सा. न. वि. वि.

ह्यांनी मोटारसायकल बैलगाडीवर घातली आणि पाय मोडून घेतला. चूक बैलाची, असं ह्यांचं म्हणणं. महिनाभर तरी खाटेवरच, आणि ज्वारीचा हंगाम नेमका आत्ताच. दौंडचे व्यापारी मारुतराव यांना अक्षय्य तृतीयेआधी चाळीस पोती द्यायचा शब्द आहे. तो मोडला तर ते दुसरा बघतील, आणि आमचं धान्याचं दुकान त्यांच्या एकट्याच्या जिवावर चालतं.

शेजारच्या शंकररावांना आमच्यासाठी खरेदी करा म्हटलं, तर चांगला माल त्यांच्याच वखारीत गेला. तेव्हा बाजाराला मीच जाणार. दाणा मला कळतो, पण अडचण दुसरीच आहे. मोठ्या यार्डात लिलाव बोलून होतो म्हणे, आमच्या आठवडी बाजारात अजून रुमालच. शेतकऱ्याचा माल विकून देणारे अडते हौसराव हातावर रुमाल टाकतात, आणि एकेक खरेदीदार त्याखाली त्यांची बोटं दाबून आपला भाव सांगतो. बाकीच्यांना पत्ता नाही. ज्याची ज्वारी तो शेतकरीसुद्धा लांब उभा. आता परक्या पुरुषाचा हात मी रुमालाखाली कसा धरू? ह्यांना विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपले.

आबांना यातलं काही सांगू नकोस. तुझी माया आहे तशी राहू दे, बाजारभावासारखी खालीवर नको.

तुझी राजी

भांडगाव
१६ मार्च १९९६

चि. सौ. राजीस हनुमंताचे अनेक आशीर्वाद.

आबांना सांगू नकोस म्हणे! मी कुरकुंभला कारखान्यात दुसऱ्या पाळीत होतो, पोस्टमननं पत्र आबांच्याच हातात दिलं आणि त्यांनी ते तुझ्या वहिनीकडून वाचून घेतलं. मग काय, भडकाच उडाला. म्हणाले, आपल्या बायांनी मेंढरामागं रानं तुडवली, पण भर बाजारात परक्याच्या हातात हात कवा दिला न्हाई. पोरगी बाजाराला गेली तर तिच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई. दोन दिवस माझ्याशीसुद्धा अबोला आहे, जसं काही पाय मीच मोडला!

मीच आलो असतो, पण कंत्राटी माणसाला रजा कोण देतो? आणि मी आलो तर मारुतरावांना चाळीस पोती भुसाच मिळेल. तू शहाणी आहेस, ठरव तुझं तू. काळजी वाटते म्हणून दोन शब्द लवकर टाक.

तुझा दादा

तळेगाव ढमढेरे
५ एप्रिल १९९६

ती. दादास सा. न. वि. वि.

दादा, मी गेले. मला बघून हौसराव कानकोंडे झाले, रुमाल परत खांद्यावर टाकला आणि म्हणाले, वैनी, तुमचा हात कसा धरायचा? लाजेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी भाव तोंडानंच सांगून टाकला, क्विंटलला चारशे साठ. आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. शंकररावांनी नेहमीसारखा रुमालाकडे हात नेला, तर ज्याची ज्वारी होती तो म्हातारा पुढे आला. म्हणाला, बाईचं म्या ऐकलं, आता तुमचंबी ऐकू द्या.

मग त्यांना बोलावंच लागलं. ते चढले, मी चढले, तिसरा चढला, आणि पाचशेला येऊन माझ्याच बोलीवर थांबलं. इतकी वर्षं हा भाव होता कुठं? शेतकरी आपापली पोती सोडून कीर्तनाला बसावं तसे भोवती गोळा झाले होते.

घरी आल्यावर हे संतापले. मारुतरावांचा दर ठरलेला, एवढ्या महागात घेऊन हमाली तरी सुटेल का, म्हणाले. मी रडले. पण पुढच्या बाजाराला बघते तर न्हावऱ्याकडून, टाकळीकडून गाड्यांची रांग! तळेगावात भाव ऐकू येतो, असं गावोगाव झालं होतं. माल इतका आला की भाव आपोआप थोडा खाली बसला आणि माझी तीस पोती झाली. आवाजानं भाव चढला, चढला म्हणून माल आला, माल आला म्हणून उतरला. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. मी नुसती बघत राहिले.

दहा पोती राहिलीत. आबांचा राग राहिलाय तो वेगळाच. तो उतरायला काय आणू, ते कळव.

तुझी राजी

भांडगाव
१७ एप्रिल १९९६

चि. सौ. राजीस अनेक आशीर्वाद.

मारुतरावांकडे चाळीस पोती पोचल्याचं दौंडला कळलं. शाब्बास! आता खरी बातमी ऐक, आणि खाली बसून वाच. त्या चाळिसातली दोन पोती आपल्या घरची आहेत.

गेल्या बाजारी आबा पाव्हण्याकडं जातो म्हणून दोन पोती जीपवर टाकून निघाले, ते थेट तळेगावला. गर्दीत आपल्या पोत्यांमागे उभे होते. तू पोत्यात हात घातलास, दाणा दाताखाली फोडलास, पण पोत्यामागच्या माणसाकडे बघितलं नाहीस. सगळ्यांदेखत म्हणालीस, ज्वारी चांगली आहे, पण एक पाणी कमी पडलंय. खरंच पडलं होतं गं, यंदा कालव्याचं शेवटचं आवर्तन आलंच नाही. आबांना वाटलं, झालं, आता पोरगी भाव पाडणार. तर चौघांच्या वर बोली तुझीच.

त्यांना पुढे होऊन तुझ्याशी बोलवेना, डोळे भरून आले होते. हौसरावांकडून पैसे घेतले आणि तसेच परतले. घरी येऊन ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, जलम गेला ज्वारी इकण्यात, पर माझ्या मालासाठी माणसं भांडत्यात हे कवा ऐकलं नव्हतं. पोरीनं खोट बी मोठ्यानं सांगितली आन् भाव बी मोठ्यानं दिला. तेवढंच बोलले, आणि मग आल्यागेल्या प्रत्येकाला तेच सांगत सुटले. गाव वैतागलंय.

पुढच्या बाजाराला ते येतील, मुक्कामालाच येतील. जावईबापूंच्या पायाला तेल लावायचं म्हणतात, प्लास्टर आहे हे सांगून मी थकलो. तुझ्या घरी त्यांना सांभाळ, आणि माझ्यासाठी स्वतःलाही जप.

खाली निळा अंगठा आहे तो आबांचा. पत्राला अंगठा लागत नाही असं कितीदा सांगितलं, पण ऐकेनात.

तुझा दादा