सलोनीला झोका कोण देणार

चंद्रहास,

तीनदा हाक मारली. तू भिंतीकडे तोंड करून पडलास तो पडलासच. म्हणून मीच पुढे निघाले. विनया सलोनीला घेऊन अकराला बागेत येईल. पोर झोक्यावर बसली की मागून झोका द्यायला बापाच्या घरचं कुणी नको का?

कोर्टानं रविवार तुला दिलाय, मला नाही. परवा विनयानं फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, मी तिला तिच्या बापाला भेटायला आणते, तुम्हाला नाही. या वेळी तो आला नाही तर मी पुन्हा येणार नाही." उभ्या जन्मात सुनेचं ऐकून घेतलं नव्हतं मी. परवा घेतलं. कुणापायी, ते तूच समज.

पोहे झाकून ठेवलेत. दाढी कर, नाहीतर पोर भिऊन पळेल. रिक्षावाल्या भैयाला बागेचं मोठं फाटक सांग. नोकरी गेली, बायको गेली, मला कळतं. फार शाळा शिकले नाही म्हणून दुःख कळत नाही असं नाही. पण पोर अजून हातची गेली नाही रे.

दर रविवारी ती तिच्या शाळेतल्या हिंदीत विचारायची, "आजी, पापा कहाँ हैं?" मी म्हणायचे, ड्यूटीवर. मागच्या वेळीही तेच खोटं तोंडात धरून बसले होते. तिनं बुढिया के बाल खाल्ले, झोका खेळली, आईचं बोट धरून निघून गेली. विचारलंच नाही.

आई