वेदीपुढचा कठडा

दि. ४ जून

चि. धाकट्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

तुला फाटे फोडायला जागा राहू नये म्हणून आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते. चर्चमध्ये वेदीपुढच्या ज्या कठड्याला धरून आपली मंडळी गुडघ्यांवर प्रभुभोजनाची भाकर घेत असे, तो काढला गेला. तो तू काढलास. लाकडाला वाळवी लागली आहे, असे तू पंचांना सांगितलेस. तुझ्या कारखान्यामागे टेकवून ठेवलेला तो कठडा मी स्वतः नखाने टोकरून पाहिला. वाळवी राहू दे, त्याचे पॉलिशही उडालेले नाही. म्हणजे सुतार देवाच्या घरात लाकडाविषयी खोटे बोलला.

आता आपण बसची वाट पाहिल्यासारखे रांगेत उभे राहून भाकर घेतो. विधी म्हणजे टरफल आणि विश्वास म्हणजे दाणा, हे तुझे व्याख्यान मला पाठ आहे. टरफलावाचून पिकलेला दाणा एकदा आणून दाखव. मन सहजी वाकत नाही. आधी शरीराला वाकवावे लागते. कठडा पूर्ववत बसव. लोभाचे म्हणशील तर तो आहे, पण सध्या वैतागाखाली दबला आहे.

तुझी,
अक्का

दि. ९ जून

ती. अक्कास,
सा. सलाम.

पत्र मिळालं. ऱ्हस्वदीर्घ तपासून लिहितोय, तरी लाल पेन हाताशी ठेवच.

वाळवी नव्हती, खरं आहे. पण आई कित्येक महिने प्रभुभोजनाला पुढे जात नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? सगळे उठतात, ती बाकावरच बसून राहते. तिचे गुडघे गेलेत. बाकीचे गुडघे टेकत असताना आपण उभ्यानं घेणं तिला उर्मटपणा वाटत असणार. म्हटलं, सगळ्यांनाच उभं करावं, म्हणजे तिला संकोच नको. देव काही गुडघे तपासत बसत नाही. पण परवाही ती उठली नाही. मी हात द्यायला गेलो, तर मला म्हणाली की तूच जा, तुला चालतं.

तूच विचार तिला. नाहीतरी मी कामावर असतानाच घरी येतेस. बाबांच्या दफनाच्या वेळी मी कबरेपाशी माझ्या शब्दांत प्रार्थना करत होतो आणि तू पाळकसाहेबांना मध्येच विधीच्या पुस्तकातलं पुढचं पान वाचायला सांगितलंस. तेव्हापासून एका गावात राहून आपण टपालानं बोलतोय. पोस्टमनला तेवढंच काम.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

दि. १५ जून

चि. धाकट्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

आईला विचारले. गुडघ्यांचे नाव काढताच ती हसली. ते म्हणे तिच्या लग्नाआधीपासून दुखतात. तिचे कारण निराळे आहे. भाकर मोडण्यापूर्वी पाळकसाहेब दर वेळी बजावतात की ज्याच्या घरात भांडण असेल, त्याने ते आधी मिटवावे आणि मग पुढे यावे. ते ऐकून तू डाव्या टोकाने पुढे जातोस आणि मी उजव्या. आई म्हणाली की लेकरे खुशाल जेवतात, तेव्हा घरातल्या कुणीतरी मागे राहायलाच हवे. एवढ्या पदव्या घेताना ते वाक्य गाळले होते का, असेही तिने मला विचारले.

माझे मत बदलले आहे असे समजू नकोस. विधी नुसते टरफल असता, तर त्यातल्या एका वाक्याने आईला बाकावर खिळवून ठेवले नसते. कबरेपाशी मध्येच क्रम मोडणे मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. मात्र तुझी प्रार्थना अर्धीच राहिली, आणि अर्धे राहिलेले काम मला सहन होत नाही. येत्या रविवारी उपासनेपूर्वी बाबांच्या कबरेपाशी ये आणि ती पुरी कर. आईला मी घेऊन येईन. तुझी प्रार्थना किती लांबते ते मला माहीत आहे. तरी मध्ये बोलणार नाही. त्यानंतर आपण तिघे एकाच टोकाने पुढे जाऊ.

येणार की नाही, ते मला लेखी कळव. आईच्या तोंडी पाठवलेला निरोप मी उत्तर म्हणून धरणार नाही.

तुझी,
अक्का