आधी तुम्ही, व्याही!

१२ बहमन, गुरुवार

डोकं फिरलंय. माझ्या लेकीचा, गुलनारचा होणारा सासरा, इंजिनियर अर्जमंद, आज जेवणाच्या भरल्या सुफऱ्यावर सगळ्यांसमोर म्हणतो, "बहरामखान, तुम्ही स्की करता ना? पुढच्या शुक्रवारी आमच्याबरोबर वर बर्फावर चला." मी म्हणालो, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास!" हे मी तीनदा म्हणालो. तीनदा म्हटल्यावर सभ्य माणूस समजून घेतो आणि पुलाव वाढून घेतो. या माणसाने चौथ्यांदा विचारलं. मग काय, हो म्हणावं लागलं.

शेवटचं स्की केलं त्याला एकतीस वर्षं झाली. असू दे. अंगात असतं ते जात नाही.

१५ बहमन, रविवार

तीस वर्षं विमा कंपनीत अपघातांच्या फायली चाळल्या. अपघात मूर्खांना होतो, हे माझ्याइतकं तेहरानात कुणाला कळत नसेल. बर्फावरच्या सुरक्षिततेचे बारा नियम लिहून फ्रीजवर लावले. पहिला: हेल्मेटशिवाय पाऊल टाकायचं नाही. महरुखने खाली पेन्सिलीने तेरावा लिहिला: घरी बसा. बायको आहे की वैरीण!

पाय बळकट करायला रोज पन्नास उठाबशा ठरवल्या. अकरा झाल्या. गालिचा सरकतो.

१८ बहमन, बुधवार

गुलनार म्हणाली, "बाबा, आधी एक दिवस तरी शिकवणी घ्या." मी भडकलो. मला शिकवणी? मग ती हळूच म्हणाली, "मला काही नको. दहा इस्फंदला, लग्नात, तुमचे दोन धड पाय हवेत. पहिला नाच तुमच्याबरोबर, सात वर्षांची होते तेव्हा शब्द दिलाय तुम्ही." आठवतोय मला. शब्द म्हणजे शब्द. पायांना काय धाड भरलीय?

उठाबशा: चार. सर्दी आहे.

२० बहमन, शुक्रवार, सकाळी ९

भाड्याच्या दुकानात स्की घेतले. दुकानदार विचारतो, "वजन किती? वय? स्की कितपत येतं?" अर्जमंद कोपराला कोपर लावून उभा. काय सांगणार? "उत्तम येतं," म्हणालो. वजनही उत्तमच सांगितलं. त्याने बूट अडकवायची पकड करकचून आवळली. म्हणे, चांगलं येणाऱ्याचा बूट सहज सुटत नाही. मग सुटायला कशाला हवा? मूर्ख.

९.४०

संताप! संताप! अर्जमंद हेल्मेट घरी विसरला. इंजिनियर म्हणे! मी आपलं रीतीने म्हणालो, "माझं घ्या ना. माझं डोकं काय, तुमचं काय, एकच." आता तीनदा नको म्हणायची रीत आहे की नाही? हा एकदा "नको हो" म्हणाला आणि डोक्यावर चढवून पट्टाही लावला. एकदा! नवं कोरं हेल्मेट! मी महरुखची लोकरीची टोपी घातलीय. पहिला नियम मोडला तो त्याने, मी नव्हे.

संध्याकाळी ६, पाय उशीवर

जे घडलं ते नीट लिहून ठेवतो, नंतर कुणी उलटंसुलटं सांगायला नको.

खुर्चीच्या लिफ्टपाशी रांग होती. लिफ्टवाला मश्दी रहमत सगळ्यांवर खेकसत होता, "इथे मानपान नाही. रेघेवर उभं राहायचं, खुर्ची आली की बसायचं!" किती उर्मट माणूस. आमची पाळी आली. मी म्हणालो, "आधी तुम्ही." अर्जमंद म्हणाला, "शक्य नाही, आधी तुम्ही." मी म्हणालो, "तुम्ही मुलाकडचे, तुमचा मान." तो म्हणाला, "तुम्ही वयाने मोठे." मोठे! फक्त आठ महिन्यांनी! साखरपुड्यात, दवाखान्यात, मशिदीच्या दारात, दरवेळी हाच मला पुढे ढकलून जिंकतो. आज ठरवलंच होतं. रहमत ओरडला, "अहो, खुर्ची कुणासाठी थांबत नाही!" मी अर्जमंदच्या पाठीला हात लावून त्याला रेघेवर ढकललं. तो बरोबर खुर्चीत बसला.

म्हणजे जिंकलो मीच.

खुर्चीची दुसरी बाजू मला मागून लागली. मी आडवा झालो, एक स्की कुंपणाच्या जाळीत अडकला, बूट काही सुटेना आणि गुडघा वळायचा नाही तिकडे वळला. वर बघितलं तर अर्जमंद एकटाच खुर्चीत, माझं हेल्मेट घालून मागे वळून हात हलवत होता. त्याला वाटलं, मी बर्फात बसून निरोप देतोय.

डोंगरावर एक फूटही घसरलो नाही. बाराही नियम घसरण्याबद्दलचे होते. लिफ्टचा एकही नाही. लिहिणाऱ्याची चूक.

२५ बहमन, बुधवार

डॉक्टर म्हणतो, गुडघ्याची दोरी तुटलीय, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. सहा आठवडे सामान्य माणसाला. मला दोन पुरेत. गुलनार येते. चहा देते नि जाते. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

३ इस्फंद, गुरुवार

कपाटाला धरून नाचून पाहिलं. दीड पाऊल. चहाचा समोवार कलंडला. महरुख म्हणाली, "हौस फिटली?" समोवार तिथे कुणी ठेवला, हे कुणी विचारत नाही.

१० इस्फंद, गुरुवार

लग्न झालं. मी चाकाच्या खुर्चीत. ढकलायला कोण? अर्जमंद. हॉलच्या दारात तो मागून म्हणाला, "आधी तुम्ही, बहरामखान." चाकं त्याच्या हातात.

वाजंत्री सुरू झाली. गुलनार पांढऱ्या कपड्यांत मधोमध उभी, माझ्याकडे बघत. लोकही बघायला लागले. काहीतरी बोलायला हवं म्हणून अर्जमंदला म्हणालो, "जा, आधी तुम्ही."

तो तीनदा नको म्हणेल, मग ती स्वतःच माझ्याजवळ येईल, हात धरेल, बसल्या बसल्या खांदे हलवू, असा माझा हिशोब होता.

त्याने एकदाही नको म्हटलं नाही. कोट माझ्या मांडीवर ठेवला आणि गेला.

बरा नाचतो मेला. गुडघे मजबूत आहेत.